कागदावरची हौसाबाई

आमच्या भागातल्या निम्म्या फौजी माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख ठाऊक नसायची. मग गुरुजी अंदाजाने साल धरायचे आणि शाळा सुरू व्हायच्या बेताची एक जून ठोकून द्यायचे. माझे वडील वाईच्या बाजूला शाळामास्तर होते, त्यामुळे असे बरेच वाढदिवस आमच्याही घरातून वाटले गेले असणार. पुढे तेच पोर फौजेत भरती व्हायचं, वीस वर्षांनी पेन्शनीत यायचं, आणि मग कधीतरी माझ्या टेबलासमोर येऊन म्हणायचं, "बाई, आई म्हणती मी दिवाळीतला हाय."

माजी सैनिकांची कागदपत्रं पाहणाऱ्या एका सरकारी कचेरीत मी टायपिस्ट म्हणून लागले आणि वरिष्ठ लिपिक होऊन बाहेर पडले. बरीच वर्षं साताऱ्यात, शेवटची काही सांगलीत. आमच्या घरात कुणी फौजेत नव्हतं. बंदूक मी फक्त सव्वीस जानेवारीच्या संचलनात पाहिलेली. पण एका सैनिकाचा जन्म कागदावर कसा होतो, त्याचं लग्न, पोरंबाळं, दुखणी कागदावर कशी चढतात आणि कुठे घसरतात, हे मात्र मला चांगलं कळायला लागलं.

बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगते. भरतीच्या दिवशी जवानाचा एक कागद तयार होतो. त्यात नाव, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण, बायको असल्यास तिचं नाव. हा मूळ कागद लांब कुठेतरी त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात राहतो. पुढे आयुष्यात काहीही घडलं, लग्न झालं, मूल झालं, तर त्याच्या युनिटने एक आदेश काढायचा. त्याला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. त्या आदेशात जे आलं नाही ते घडलंच नाही, असं फौज धरून चालते. आणि भरतीच्या टेबलावरचा बाबू बहुधा उत्तरेकडचा. त्याला आपला ळ ऐकूच येत नाही. आमच्याकडचे कितीतरी बाळू कागदावर 'बालू' झाले, म्हणजे हिंदीत वाळू.

सांगलीला असताना कुपवाडच्या एका कारखान्यात पहारेकरी म्हणून लागू पाहणारा एक माजी नाईक आला होता. फौज सोडताना मिळालेल्या त्याच्या डिस्चार्ज बुकात लिहिलेलं, डाव्या गालावर तीळ. तीळ होता उजव्या गालावर. कारखान्याचा मॅनेजर त्याला ठेवून घ्यायला तयार नव्हता. भरतीच्या बाबूने समोरून पाहून स्वतःच्या डाव्या हाताची बाजू लिहिली होती, एवढीच ती चूक. ती दुरुस्त व्हायला सात महिने लागले. "तवर गाल फिरवून उभा ऱ्हाऊ का?" असं तो मला शांतपणे विचारायचा.

अशा चुकांचं मला हसू यायचं आणि कुतूहलही वाटायचं. पण साताऱ्यात असताना, नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर, गणपत हवालदारांचं जे प्रकरण आलं त्याने मला माझ्याच कामाकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लावलं.

गणपत हवालदार मेढ्याच्या पलीकडच्या डोंगरातले. फौजेतून येऊन सात-आठ वर्षं झालेली. वय पंचेचाळीसच्या आसपास, पण नुकताच लकव्याचा झटका येऊन गेल्यामुळे हातात काठी होती आणि बोलताना तोंड किंचित वाकडं व्हायचं. सोबत बायको होती. डोईवर पदर, पायात रबरी चपला, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बायकोचं नाव कागदावर चुकलंय, ते नीट करायचंय. आपल्या माघारी तिला कुणी ओळखलं नाही तर काय, ही धास्ती त्या झटक्यापासून त्यांनी घेतली होती.

मी डिस्चार्ज बुक उघडलं. इंग्रजीत बायकोचं नाव होतं हौसाबाई. मी विचारलं, यांचं नाव काय? ते म्हणाले, सुमन.

मला यात विशेष काही वाटलं नाही. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. एका कागदावर माहेरचं नाव लागतं, दुसऱ्यावर सासरचं. अशी प्रकरणं आठवड्याला दोन-तीन यायची आणि त्यावरचा उपाय माझ्या बोटांत बसलेला होता. 'अमुक आणि तमुक या दोन्ही नावांची स्त्री एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र करायचं, सरपंचाचा दाखला जोडायचा, पाठवायचं. मी मशिनवर कागद चढवला आणि टाइप करता करता त्या बाईंना सहज म्हणाले, "म्हणजे हौसा हे माहेरचं नाव."

"न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हायेरचं नाव शालन. हौसा ह्ये मिल्ट्रीतलं."

माझी बोटं थांबली. मिल्ट्रीतलं म्हणजे काय, हे मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. लग्नानंतर तीन वर्षं त्या नवऱ्याबरोबर छावणीत, क्वार्टरमध्ये राहिल्या होत्या. तिथे सगळे त्यांना हौसाभाभी म्हणायचे. रेशन, दवाखाना, सगळीकडे तेच नाव. नवऱ्याने सांगितलं होतं की सासरी जशी नावं बदलतात तशी फौजेतही बायकांची नावं बदलतात. एकदा बदललं होतंच, दुसऱ्यांदा बदललं त्याचं त्यांना नवल वाटलं नव्हतं.

मी हवालदारांकडे पाहिलं. ते काठीच्या टोकाकडे पाहत होते. कचेरीत चार लोक होते, म्हणून मी शिपायाला चहा सांगितला आणि दोघांना आतल्या रेकॉर्डच्या खोलीत घेऊन गेले. तिथे, फायलींच्या लाकडी घोड्यांमध्ये बसून, बावीस-तेवीस वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते त्यांनी बायकोसमोर सांगितलं.

हौसा ही शेजारच्या वाडीतली मुलगी. भरतीला जायच्या आधी महिनाभर दोघांचं लग्न ठरलं होतं, सुपारी फुटली होती. भरतीच्या टेबलावर बाबूने विचारलं, शादी? हे म्हणाले, ठरलीय. बाबूने 'झालीय' असं लिहून घेतलं आणि नाव विचारलं. एकोणीस वर्षांच्या पोराने लाजत नाव सांगितलं. तेवढ्यात एकाहत्तरची लढाई आली. सहा-सात महिने यांची खबर गावाला पोचली नाही. हौसाच्या बापाने वाट पाहिली आणि मग तिला कराडजवळ मलकापूरला देऊन टाकली. हे सुट्टीवर आले तेव्हा ती सासरी नांदत होती. पुढच्या वर्षी घरच्यांनी सुमनबाईंशी लग्न लावलं.

आता हे लग्न कागदावर चढवायला हवं होतं. पण कागदावर बायको आधीच होती. एक असताना दुसरी करणं हा फौजेत गुन्हा. आपण काय सांगायचं आणि कोण ऐकणार, या भीतीने ते गप्प बसले. मुलगा झाला, मुलगी झाली, दोन्ही हौसाबाईच्या नावावर चढली. मुलगी तर फौजी दवाखान्यातच झालेली, तिथेही आईचं नाव हौसाबाई.

सुमनबाईंनी फायलींकडे पाहिलं आणि मला विचारलं, "ती बाई जिती हाय?"

ते मला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. हवालदारच हळू आवाजात म्हणाले, "हाय. पिठाची गिरण हाय त्यांची."

मी प्रकरण आमच्या साहेबांपुढे ठेवलं. साहेब स्वतः फौजेतून निवृत्त झालेले, भला माणूस. त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला. खरं लिहायला गेलं तर रेकॉर्ड ऑफिस म्हणणार, या माणसाने खोटी माहिती दिली आणि जन्मभर लपवली. त्यापेक्षा नेहमीचं प्रतिज्ञापत्र करा, हौसाबाई आणि सुमन एकच. महिन्याभरात काम होईल. हवालदारांनाही तेच हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही.

नको म्हणाल्या त्या सुमनबाई.

"एकदा नाव बदललं त्ये मांडवात, समद्यांच्या देखत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा बदललं त्ये मला न इचारता. आता मी सोताच अंगठा देऊन सांगू, की मीच हौसा? उद्या तिची पोरं दारात आली आन् म्हणाली, हौसा आमची आई हाय, मग मी कोण?"

साहेबांनी चष्मा काढून ठेवला. मग ते म्हणाले, ठीक आहे, खरं लिहू. पण मग त्या हौसाबाईचं प्रतिज्ञापत्र लागेल, की तिचं या माणसाशी लग्न झालेलं नाही. ते कोण आणणार?

परक्या बाईच्या दारात जाऊन, तुझं पूर्वीचं ठरलेलं लग्न एका फौजी कागदावर अजून जिवंत आहे, असं सांगायचं. पत्र पाठवावं तर ते कोण वाचेल सांगता येत नव्हतं. हवालदारांना पाठवणं तर शक्यच नव्हतं. माझ्या नोकरीच्या नियमांत हे कुठे बसत नव्हतं, तरी मी रजा टाकली आणि सुमनबाईंबरोबर एसटीने कराडला गेले. चांगुलपणा म्हणून गेले असं म्हणणार नाही. हौसाबाई दिसते कशी, हे मला पाहायचं होतं. सुमनबाईंनाही तेच पाहायचं असावं, कारण त्या नवी साडी नेसून आल्या होत्या.

गिरण घराच्या पुढच्या खोलीत होती. तिचे मालक दत्तोबा, म्हणजे हौसाबाईंचे नवरे, पट्ट्यापाशी उभे होते, भुवयांपर्यंत पांढरे. मी साताऱ्याहून आलेय, बाईंकडे काम आहे, असं ओरडून सांगितलं. त्यांनी आत बोट दाखवलं. आत एक उंच, सावळी बाई भाकरी थापत होती. सासरी तिचं नाव राधाबाई झालं होतं. मी "हौसाबाई" म्हणताच तिचा हात परातीत थांबला. त्या नावाने तिला हाक मारणारा शेवटचा माणूस, तिचा भाऊ, वारून सहा वर्षं झाली होती, हे तिने नंतर सांगितलं.

गिरणीच्या आवाजात मी तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. शेवटी तिने सुमनबाईंकडे वळून पाहिलं आणि मला म्हणाली, "माझं नाव हाय त्या कागदावर? नीट लिवलंय?"

मी म्हटलं, नीट लिहिलंय, बापाच्या नावासकट. मला तेव्हा लक्षात आलं की तिच्या स्वतःच्या घरात, रेशनकार्डावर, मतदारयादीत, सगळीकडे ती राधाबाई होती. हौसा या नावाने ती फक्त त्या एका सैनिकाच्या कागदात उरली होती.

ती सांगायला लागली की घरात हा विषय कधी निघालेला नाही, नवऱ्याला कसं सांगावं. तिला गिरणीच्या आवाजावर मात करायला मोठ्याने बोलावं लागत होतं. "त्येच्याशी माझी सुपारी फुटली हुती," असं ती म्हणत असतानाच वीज गेली. गिरण घरघरत थांबली आणि ते वाक्य त्या शांततेत दोन्ही खोल्यांत ऐकू गेलं.

दत्तोबा दारात येऊन उभे राहिले. पीठ झटकलं नाही की बसले नाहीत. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ते म्हणाले, सुपारीचं आम्हाला ठाऊक होतं, तिच्या बापाने काही लपवलं नव्हतं. मग मला म्हणाले, "पर सरकारच्या कागदावर ती त्येची बायकू आसंल, तर माझ्या घरात इतकी वर्सं कोण नांदली?"

मी एवढंच म्हटलं की तेच काढून टाकायला आम्ही आलोय. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. हौसाबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, घेवड्याची आमटी आणि ठेचा. दोघी बायका एकमेकींना वाढत-घेत होत्या आणि एकमेकींकडे चोरून पाहत होत्या. परतीच्या गाडीत उंब्रज आलं तेव्हा सुमनबाई म्हणाल्या, "हात लय चांगला हाय तिचा."

आठवडा गेला, दुसराही गेला. साहेब रोज विचारायचे, मी रोज मान हलवायचे. आपण एका चांगल्या चाललेल्या घरात खडा टाकून आलो असं मला वाटायला लागलं होतं. आणि तिसऱ्या सोमवारी कचेरी उघडली तर व्हरांड्यातल्या बाकावर दत्तोबा आणि हौसाबाई बसलेले. दत्तोबा धुतलेल्या कपड्यांत मला ओळखूच आले नाहीत.

मी हवालदारांच्या गावच्या दुकानात फोन करून निरोप धाडला. ते दुपारी पोचले. हौसाबाईंना पाहून काठी सावरत उभेच राहिले. इतक्या वर्षांनी समोर आल्यावर ती काय म्हणेल असं मी मनात बरंच काही रचलं होतं. तिने साधं विचारलं, "पत्र का न्हाई धाडलं?"

"तीन धाडली," हवालदार म्हणाले. "लढाईत टपाल कुटं आडकलं, कुणाला ठावं."

तिने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरं किती?"

"दोन."

"माझी चार. म्हंजी सरकारात माझी सा झाली." असं म्हणून ती हसली. सुमनबाईंनी तोंडाला पदर लावला, पण त्यांचे खांदे हलत होते. दत्तोबा सगळ्यात शेवटी हसले. हवालदार मात्र हसले नाहीत. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, दत्तोबांना हात जोडले आणि तसेच उभे राहिले. शेवटी दत्तोबांनीच त्यांना दंडाला धरून बाकावर बसवलं.

प्रतिज्ञापत्रं झाली. हवालदारांनी स्वतःच सगळं लिहून दिलं: ठरलंय असं सांगितलं, झालंय असं लिहिलं गेलं, आणि पुढे भीतीने मी ते दडवलं, ही चूक माझी. 'दडवलं' हा शब्द साहेबांनी सौम्य करायला सांगितला होता. हवालदारांनी तो तसाच ठेवला. सुमनबाईंनी अंगठा दिला.

पाच महिन्यांनी रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. हौसाबाईशी लग्न झालंच नाही असं मानलं, तर मग फौजी दवाखान्यात मुलीला जन्म देणारी हौसाबाई कोण? त्यांचा प्रश्न बरोबर होता. मला उत्तर माहीत होतं, पण माहीत असणं म्हणजे पुरावा नव्हे. मी सुमनबाईंना निरोप पाठवला, त्या तीन वर्षांतलं जे काही घरात असेल, चिठ्ठीचपाटी, सगळं घेऊन या. त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून एक मळकं कार्ड आणलं. दवाखान्याचं कार्ड. त्यावर विशीतल्या सुमनबाईंचा फोटो, खांद्यावर युनिटचा अर्धा गोल शिक्का आणि खाली इंग्रजीत नाव, हौसाबाई. चेहरा एकीचा, नाव दुसरीचं, आणि शिक्का खुद्द फौजेचा. हौसाबाईंनी कराडला फोटो काढून पाठवला. दोन्ही चेहरे शेजारी लावून मी पाठवून दिले. उंच सावळी एक, बुटकी गोरी एक. आंधळ्यालाही फरक कळला असता.

उत्तराची वाट पाहत असताना मी जुन्या प्रतिज्ञापत्रांच्या कार्बन प्रती काढून चाळल्या. अमुक आणि तमुक एकच, अमुक आणि तमुक एकच. शेकडो. बहुतेक खरी असतील. पण त्यांतल्या किती बायकांना मी स्वतः नाव विचारलं होतं? बहुतेक वेळा नवराच सांगायचा आणि मी टाइप करायचे. बाई मागे पिशवी धरून उभी असायची. त्यानंतर मी सवय बदलली, पण आधीच्या प्रतींना आता काही करता येण्यासारखं नव्हतं. ती बोच अजून आहे.

आणखी तीन महिन्यांनी आदेश आला. एका ओळीचा: पत्नीचे नाव 'हौसाबाई' याऐवजी 'सुमन' असे वाचावे. सोबतच्या पत्रात हवालदारांना ताकीद होती, पण कारवाई नव्हती. मी निरोप धाडला. दोघं आले. हवालदारांचं तोंड आता बरंच सरळ झालं होतं. मी आदेश मराठीत करून वाचला. सुमनबाईंनी तो पुन्हा वाचायला लावला आणि आपलं नाव नेमकं कुठे आहे ते विचारून त्यावर बोट ठेवलं.

कागद मिळाल्याची पोच म्हणून रजिस्टरात सही लागते. मी सवयीने शाईचा पॅड त्यांच्यापुढे सरकवला.

"आता सही चालंल?" त्यांनी विचारलं.

मी चकित झाले. इतके दिवस अंगठा का दिला, सही येते तर?

"चौथीपतूर शाळा झालीया," त्या म्हणाल्या. "पाटीवर शालन लिवायची. तेवढंच लिवाय येतं. पर त्या नावाचं कुटं कागदच न्हाई. अंगठ्याला काय, नाव नसतंय. म्हणून अंगठा."

मी म्हटलं, पण आता इथे सुमन लिहावं लागेल. एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर मी ठळक अक्षरांत सुमन लिहून दिलं. त्यांनी तो कागद जवळ धरला, लांब धरला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ह्यो न तर माझाच हाय की," त्या म्हणाल्या. "दोनच अक्षरं नवी."

मग माझं पेन घेऊन त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या, फॉर्म मांडीवर ठेवून सुमन गिरवत. मेढ्याची गाडी आली आणि गेली. हवालदार त्यांच्याकडे पाहत राहिले, ऊठ म्हणाले नाहीत.